आण्याच्या पठारावरचं केंद्र लाल झालं तेव्हा

आण्याच्या पठारावरच्या एका वाडीतल्या दूध केंद्राला लोकांनी कुलूप लावलं, तेव्हा मी ओतूरच्या ऑफिसात बसून स्वतःवर खूश होते. सकाळचे नऊ वाजले होते. आदल्या दिवशी मी सगळ्यांसाठी खुला केलेला रिपोर्ट किती जणांनी उघडला ते मोजत होते. तेवढ्यात फोन आला. पलीकडे एका बाईचा आवाज, मागे बराच गोंगाट.

"रिपोर्ट काढनाऱ्या बाई तुमीच का?"

"हो, बोला."

"मंग या हितं. तुमी केल्यालं बघाया या."

फोन बंद झाला. मी नंबर लावून पाहिला, उचलला नाही. केंद्रांच्या यादीत तो नंबर शोधला, तेव्हा कळलं की ती त्या वाडीतल्या केंद्राची सेक्रेटरी. पंधरा-सोळा वर्षं ते केंद्र ती चालवत होती, आणि आमच्या ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणायचे. मी तोवर तिला एकदाही भेटले नव्हते.

मी निरगुडसरची. नऊ वर्षं पुण्यात एका मोठ्या कंपनीत आकड्यांचे रिपोर्ट बनवले. वडिलांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, घरी माणूस हवं होतं, म्हणून गावी आले आणि जुन्नर-आंबेगावातलं दूध गोळा करणाऱ्या एका संस्थेत लागले. रोज स्कूटीवर नारायणगाववरून ओतूर. काम तेच, आकडे. इथं ते दुधाचे होते, एवढाच फरक. कुठल्या केंद्रातून किती दूध आलं, फॅट किती लागली, दूध गार करणाऱ्या शीतकरण केंद्रावर किती कॅनमधलं दूध फाटलेलं निघालं आणि ते कॅन परत गेले.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट मला खटकली. साठेक केंद्रांचे सेक्रेटरी रोज सकाळ-संध्याकाळ आकडे पाठवायचे. ते संगणकात भरले जायचे, महिन्याच्या शेवटी त्यांचा जाडजूड रिपोर्ट छापला जायचा आणि साहेबांच्या कपाटात जायचा. पाच प्रती निघायच्या. मी तिथल्या जुन्या क्लार्कला विचारलं, "हे वाचतं कोण?" तो म्हणाला, "वाचायला कशाला पाहिजे? मागितलं की दाखवायला असतं."

ज्यांनी आकडे दिले त्यांना ते कधीच परत दिसायचे नाहीत. मला ते बरोबर वाटेना. प्रत्येक सेक्रेटरीला, प्रत्येक ड्रायव्हरला, दूध घालणाऱ्या प्रत्येकाला आपल्या मोबाइलवर ते बघता आलं पाहिजे, असं मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, सावध गृहस्थ.

ते म्हणाले, "मॅडम, आकडे वाचता यावे लागतात. सगळ्यांच्या हातात दिले तर एकेक जण आपापला अर्थ काढील."

"वाचता येतील असे मी करते की."

"तुम्ही कराल हो. पण पुढं काय होईल ते तुम्हाला ठाऊक नाही."

मी तीन महिने त्यांच्या मागे लागले. दहा-बारा केंद्रांवर जाऊन बसले. माझा पहिला नमुना दाखवला तेव्हा निरगुडसरजवळच्या एका सेक्रेटरीनं विचारलं, "सरासरी म्हंजी नेमकी कुणाची, ताई? माझी का त्या शेजारच्याची?" मी सरासरी काढून टाकली. इंग्रजी शब्द काढले, अक्षर मोठं केलं, एका पानावर एकच गोष्ट ठेवली. आणि ज्याला अक्षरही नीट लागत नाही त्यालासुद्धा कळावं म्हणून रंग दिले. ज्या केंद्राचे कॅन परत जात नाहीत ते हिरवं, अधूनमधून जातात ते पिवळं, वरचेवर जातात ते लाल. रंगांची ही कल्पना माझीच. मला तिचा फार अभिमान होता.

शेवटी साहेब तयार झाले. मार्च अर्धा सरला होता, ऊन चढायला लागलं होतं. मी लिंक सगळ्या केंद्रांच्या ग्रुपवर टाकली. साठ केंद्रांत एकच ठळक लाल होतं. आण्याच्या पठारावरचं.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या एका लाल चौकोनाचा फोटो पठारावरच्या प्रत्येक मोबाइलवर पोचला होता. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, "शिळं दूध कोण मिसळतंय ते बघा." हे मला दुसऱ्या दिवशी, तो फोन आल्यावर कळलं.

मी स्कूटी काढली. आळेफाट्यावरून आण्याच्या घाटाला लागले. घाट चढताना मनात एकच विचार होता की चूक निघाली तर ती आकड्यात नसावी. आकडे मी तीनदा तपासले होते. तोच आधार धरून मी वर पोचले.

केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे ओटा. दाराला कुलूप आणि ओट्यावर पाच भरलेले कॅन. पंचवीस-तीस माणसं उभी होती. ओट्याच्या कडेला पन्नाशीची एक बाई बसली होती, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, नजर कॅनवर. हीच मावशी. तिच्या सासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती, नवरा गेल्यावर तिनं तीन म्हशी घेतल्या आणि पुढं हे केंद्र अंगावर घेतलं. हे सगळं मला नंतर समजलं. त्या वेळी तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पुढे झाला तो एक उंच शेतकरी. त्याच्या घरून रोज सगळ्यात जास्त दूध यायचं.

"म्याडम, बरं झालं तुमी रिपोर्ट काढला. इतके दिस आमाला वाटायचं, उन्हाळा हाय, समद्यांचंच दूध नासत आसंल. आता कळलं. समदे हिरवे आन् आमीच लाल. आमचं दूध चांगलं हाय राव, निरसं आनून घालतो. मंग खराब कुटं व्हतंय? हितंच ना?"

"कालचं उरल्यालं आज मिसळती ती," मागून कुणीतरी म्हणालं.

"कॅन धुती का इचारा आधी!"

मी म्हणाले, "हे बघा, रिपोर्टात फक्त किती कॅन परत आले ते आहे. कुणी काय मिसळलं असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही."

"मंग लाल कशाला केलंय?"

मावशी तेव्हा पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही.

"बाई, टेम्पो किती वाजता येतो ते कुटं हाय तुमच्यात?"

"कशात?"

"त्या मोबाइलात. म्या रोज आकडे दिले. दूध किती, फॅट किती, समदं दिलं. टेम्पोचं कुनी कवा इचारलंच न्हाई."

तिनं मला शेजारीच असलेल्या तिच्या घरात नेलं. भिंतीवर मोठं कॅलेंडर टांगलेलं होतं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं एक वेळ लिहिलेली. जानेवारीत सव्वासात, साडेसात, सात चाळीस. फेब्रुवारीच्या मध्यापासून दहा, सव्वादहा, दहा वीस. आणि काही चौकोनांत वेळेच्या पुढं एक फुली.

"फुली म्हंजे?"

"त्या दिशी कॅन परत आला."

सात-साडेसाताच्या वेळांना एकही फुली नव्हती. सगळ्या फुल्या दहानंतरच्या वेळांना होत्या. मी भिंतीजवळ उभी राहून पानं वर करत, खाली सोडत पुन्हा पुन्हा बघत राहिले. आसपासच्या केंद्रांत दूध गार करायची टाकी होती, या वाडीत नव्हती. सातपर्यंत गोळा झालेलं दूध पत्र्याखाली तीन-तीन तास टेम्पोची वाट बघायचं आणि खाली शीतकरण केंद्रावर पोचेपर्यंत फाटायचं. टाकी नाही हेही माझ्या रिपोर्टात नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं.

कॅलेंडरच्या पानांचे फोटो काढून मी खाली आले. त्या दिवसाचे पाच कॅनही परत आले.

ऑफिसात वातावरण तापलेलं होतं. साहेबांना तीन सरपंचांचे फोन येऊन गेले होते. त्यांच्या समोरच्या खुर्चीत वाहतुकीचं काम बघणारे भाऊ बसले होते. मी कॅलेंडरचे फोटो टेबलावर ठेवले आणि शीतकरण केंद्राच्या गेटवर टेम्पोच्या वेळा लिहितात ते रजिस्टर मागितलं.

भाऊ एकदम उसळले. "दुधाच्या रिपोर्टात गाड्यांच्या वेळा कशाला? उद्या म्हणाल ड्रायव्हर कुठं चहा प्यायला थांबला तेही टाका."

"थांबला असेल आणि दूध नासत असेल तर टाकायलाच पाहिजे."

"एका बाईच्या कॅलेंडरवर तुम्ही माझी चौकशी लावताय?"

साहेबांनी हात वर केला. "चौकशी कुणाचीच नाही. मॅडम, तो रिपोर्ट आजच्या आज बंद करा. मी आधीच सांगितलं होतं तुम्हाला."

मी माझ्या टेबलाशी आले. बंद करायला एक बटण दाबायचं होतं. खरं सांगायचं तर मला ते दाबावंसंच वाटत होतं. बंद झालं की फोन थांबतील, मी पुन्हा कपाटात जाणारा रिपोर्ट छापत बसेन, कुणी मला काही विचारणार नाही. मी साहेबांना म्हणाले, उद्या दुपारपर्यंत थांबा. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मावशी स्वतः आली. एसटीनं, आळेफाट्याला गाडी बदलून. काखेत ते कॅलेंडर, सुरळी करून दोऱ्यानं बांधलेलं. थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मी मागोमाग गेले. भाऊ तिथंच होते.

साहेब म्हणाले, "मावशी, बसा. तुमची बदनामी झाली त्याचं आम्हाला वाईट वाटतं. तो रिपोर्ट आम्ही बंदच करतोय."

ती बसली नाही.

"बंद करू नगा."

साहेबांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"आता बंद केलं तर ते लाल तेवढं लोकांच्या डोस्क्यात ऱ्हाईल. मंग ते कोन पुसनार? तुमी का ही बाई?" तिनं सुरळी सोडून कॅलेंडर टेबलावर पसरलं. "हे त्यात घाला. टेम्पोची येळ घाला. माझी एकटीची नगं, समद्यांची घाला. मंग लोकं बघतील काय बघायचं ते."

भाऊ म्हणाले, "अहो, पेन्सिलीनं काय, कुणीही काहीही लिहील."

"व्हय, लिहील की. मंग तुमचं पेनानं लिव्हल्यालं आना. दोनी शेजारी ठिऊ."

भाऊंनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. साहेब कॅलेंडरच्या एका चौकोनावर बोट ठेवून दुसऱ्यावर न्यायचे. मग भाऊंकडं न बघता म्हणाले, "रजिस्टर मॅडमना द्या."

रजिस्टर मिळालं. मी आणि तो जुना क्लार्क, आम्ही दोघं तीन दिवस त्यातल्या वेळा संगणकात भरत बसलो. तो वाचायचा, मी भरायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "मॅडम, इथून पुढं खालच्या लाइनचा टेम्पोच दिसत नाही." फेब्रुवारीच्या मध्यापासून दोन लाइनींची, म्हणजे खालच्या गावांच्या आणि पठाराच्या मार्गाची, नोंद एकाच गाडीच्या नंबरवर होती. एक टेम्पो दुरुस्तीला गेला होता. भाऊंनी चार दिवसांसाठी म्हणून दोन्ही लाइनी एकाला दिल्या होत्या. चार दिवसांचा महिना झाला तरी तो टेम्पो परत आला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी वर सांगितली नव्हती. खालची गावं आधी, मग घाट चढून पठार. गेटवरच्या वेळा आणि मावशीच्या पेन्सिलीच्या वेळा यांत घाट उतरायला लागतो तेवढाच फरक होता, रोज.

मला वाटलं होतं की आता नवं पान लिंकवर टाकलं की झालं. मावशी फोनवर म्हणाली, "मोबाइलात नगं. कागदावर आना आन् हितं येऊन लावा. त्या दिशी जे उभे व्हते त्यांच्यासमोर."

सोमवारी सकाळी साडेसातला आम्ही वाडीत पोचलो. मी, साहेब आणि भाऊ, साहेबांच्या गाडीतून. केंद्राचं कुलूप त्या सकाळपुरतं काढलं होतं, दूध घालून झालं होतं, चार कॅन ओट्यावर होते. माणसं त्या दिवसापेक्षा जास्त होती. मी मोठ्या कागदाचे दोन तक्ते पत्र्याच्या भिंतीला चिकटवले. एका बाजूला टेम्पोची वेळ, दुसऱ्या बाजूला कॅनचं काय झालं ते. रंग कुठंच नव्हता.

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर मावशीनं हातानं मला थांबवलं आणि त्या उंच शेतकऱ्याला म्हणाली, "तू वाच. तुजाच आवाज मोटा हाय."

तो जरा चाचरला. मग खिशातून चष्मा काढून पुढं झाला. "सव्वासात, चांगलं. साडेसात, चांगलं. सात चाळीस, चांगलं." असं जानेवारीभर वाचत गेला. फेब्रुवारीच्या मध्यावर आला तसा त्याचा आवाज खाली गेला. "दहा वीस, परत. सव्वादहा, परत. दहा पाच, चांगलं. दहा पंचवीस, परत." तो थांबला. "पुढचं तसंच हाय," म्हणाला.

"पुढचं बी वाच," मावशी म्हणाली.

त्यानं सगळं वाचलं. मग मागून एक जण म्हणाला, "कागदावर काय बी छापता येतंय. ऑफिसवालेच हायेत ते."

तेव्हा मावशी म्हणाली, "मंग थांबा समदे. आज किती वाजता येतोय ते डोळ्यांनी बघा."

आणि आम्ही थांबलो. आठ वाजले. साडेआठ झाले. ऊन ओट्यावर आलं तसे दोघा-तिघांनी कॅन सरकवून सावलीत घेतले. रस्ता घाटाच्या बाजूला लांबवर दिसतो, सगळे तिकडं बघत होते. मला सारखं वाटत होतं, आज नेमका तो वेळेवर यायचा. भाऊंनी रविवारी ड्रायव्हरला फोन केला असेल तर? मी भाऊंकडं पाहिलं. ते मनगटावरचं घड्याळ बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर जो घाम होता तो फोन करून ठेवलेल्या माणसाचा नव्हता. नऊ वाजून गेले. एका म्हातारीनं कॅनच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "तापलाय की गं." कुणी गेलं नाही, चहालासुद्धा नाही.

टेम्पो आला तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

ड्रायव्हर खाली उतरला आणि एवढी गर्दी बघून दचकला. "काय झालं? माझ्याकडं काय बघताय? दोन लाइनी एकटा करतोय मी, महिना झाला. भाऊंना इचारा."

सगळ्यांची तोंडं भाऊंकडं वळली. मला वाटलं आता काहीतरी वाईट होणार. तो उंच शेतकरी दोन पावलं पुढं गेला. साहेब मध्ये उभे राहिले. पण काही होण्याआधीच भाऊ बोलले, खालच्या आवाजात, "चूक माझी आहे. चार दिवसांत टेम्पो येईल म्हणून बोललो नाही. मग सांगायला तोंड राहिलं नाही."

मावशी कॅन उचलायला लागली. मग दोघं-तिघं पुढं झाले, त्यांनी कॅन चढवले, टेम्पो गेला. त्या दिवशीचे दोन कॅन फाटलेच.

चौथ्या दिवशी दुसरी गाडी भाड्यानं लावली. वेळ पुन्हा साडेसातवर आली, आणि त्या उन्हाळ्यात वाडीचा कॅन क्वचितच परत गेला. रिपोर्ट चालू राहिला. रंग मी सगळ्यांचेच काढले. प्रत्येक केंद्राच्या आकड्यांखाली एक रिकामी जागा ठेवली, तिथं सेक्रेटरीनं आपलं म्हणणं लिहायचं. पहिल्या आठवड्यात तिथं काय काय आलं! कुणाकडं वजनकाटा चुकत होता, कुणाकडं सहा ते आठ वीज नव्हती. कपाटातल्या जाड रिपोर्टात यातलं एकही वाक्य कधी नव्हतं. टेम्पोच्या वेळा आता भाऊच पाठवतात, आणि उशीर झाला तर कारणही लिहितात.

सगळंच मात्र सुधारलं नाही. कुलूप निघाल्यावरही मावशीनं आठ दिवस केंद्र उघडलं नाही, ते तिच्या भावजयीनं चालवलं. दोन घरांनी त्या लाल चौकोनाच्या दिवशीच आपलं दूध दुसऱ्या डेअरीला नेलं होतं. तक्ते वाचून झाले तेव्हा ती माणसंही तिथं उभी होती, त्यांनी सगळं ऐकलं, पण ती परत आली नाहीत. त्यातलं एक घर तिच्या चुलत दिराचं. मोबाइलवर फिरलेला तो फोटो सगळ्यांनी पाहिला होता. नंतरचे तक्ते मात्र जे त्या सकाळी तिथं होते त्यांनीच पाहिले.

श्रावणात मी एकटी पुन्हा वर गेले. पठार हिरवं झालं होतं. मावशी म्हशी धूत होती. मी म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं. मी आकडे बघितले, इथं येऊन बघितलं नाही. माझं चुकलं."

तिनं बादलीतलं उरलेलं पाणी म्हशीच्या पाठीवर ओतलं, हात पदराला पुसले.

"चुकलं व्हतं खरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझी चुलत जाऊ त्या दिसापासनं माझ्याशी बोलत न्हाई. तिला जाऊन दाखवशील का ते कागद? म्या दाखवले तर ती दार लावून घेती."

मावशीनं घरातून ते तक्ते आणले आणि आम्ही दोघी बांधावरून निघालो. जाऊबाईंचं दार उघडं होतं. मावशी बाहेर चिंचेखाली थांबली आणि मी कागद घेऊन आत गेले.